बादली भरून ठेवा

शिल्पा हिलम राहते रोह्याला आणि शिकवते वडखळजवळच्या एका आश्रमशाळेत. शाळा हायवेला लागूनच आहे. नवरा गोरख धाटावला कंपनीत कामाला. त्याची शिफ्ट बदलते, हिची एसटी बदलत नाही.

तिचा जन्म गागोदे बुद्रुकच्या बाजूच्या एका कातकरी वाडीतला. आई पारी आणि बाप वाळू दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. पोरीला त्यांनी वसतिगृहात ठेवलं, म्हणून ती शिकली. तिथे अधूनमधून पाहुणे यायचे. वह्या, ब्लँकेटं, खाऊ वाटायचे, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढायचे. पाहुणे मायेचे असत, ब्लँकेटंही उबदार असत. पण "हात जरा पुढे कर बाळा, फोटोत दिसू दे," असं कुणी म्हणालं की शिल्पाला आपल्या हाताचं काय करावं ते कळेनासं व्हायचं.

पुढे ती स्वतः बाई झाली. एकदा आठवीला नागरिकशास्त्र शिकवताना तिने विचारलं, "चांगला नागरिक म्हणजे कोण?"

दर्शना उठली. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. म्हणाली, "बाई, जे आपल्याला वस्तू वाटायला येतात ते."

"आणि तू गो?"

"आमी तर घेणारी."

कुणीच हसलं नाही. सगळ्या वर्गाला उत्तर बरोबर वाटलं होतं. शिल्पाने पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

त्याच आठवड्यात गणपतीची गर्दी सुरू झाली. मुंबईहून गावाला निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांनी हायवे तुंबला. शाळेच्या थोडं अलीकडे शिल्पाची एसटीही अडकली. शेजारच्या सीटवर एक बाई पोट धरून बसली होती. बाहेर आडोसा कुठे दिसतो का ते बघत होती. शिल्पाला कळलं. तिने त्या बाईला उतरवून घेतलं आणि चालत शाळेतल्या मुलींच्या शौचालयात नेलं. बाहेर आल्यावर ती बाई नुसती शिल्पाचा दंड धरून उभी राहिली.

शिल्पा तशीच हर्षद सरांच्या खोलीत गेली. सर मुख्याध्यापक. अडकलेल्या लोकांना आपल्या मुलांनी पाणी द्यावं, बायकांना शौचालय उघडून द्यावं, असं तिने सुचवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपली मुलं कुणाची सेवा करणार, ताई? सगळे तर त्यांचीच सेवा करायला येतात."

"म्हणूनच म्हणते, सर."

सरांनी खिडकीतून तुंबलेल्या गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकही पोर डांबरावर जाता कामा नये. चौकातल्या पोलिसांशी मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवी-नववीची मुलं पाण्याच्या कळश्या आणि जेवणाचे स्टीलचे पेले घेऊन फाटकाबाहेर आली. मुलींनी शौचालय घासून लख्ख केलं होतं. गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. नववीतला रोशन कडेला थांबलेल्या एका गाडीच्या काचेजवळ गेला आणि पेला उंच धरला. आतल्या माणसाने हात हलवला, "नको नको, पुढे जा." काच वर गेली. पुढच्याने विचारलं, "कितीला?" रोशन बोलायच्या आत त्याने एक नाणं बाहेर टाकलं. ते मातीत पडलं.

रोशन परत आला आणि त्याने पेला आपटला. "भिकारी समजतात आपल्याला. मी नाय जात, बाई."

बाकीची पोरंही कळश्या खाली ठेवून शिल्पाकडे बघायला लागली. समजूत घालायला तिच्याकडे शब्द होते, शिक्षकाकडे ते नेहमीच असतात. पण काच वर जाताना तिलाही वसतिगृहातली ती रांग आठवली होती.

"मलाही लागलं, रोशन," ती म्हणाली. "आत जायचं तर जाऊ. मी रागावणार नाही."

कुणी हललं नाही. मग दर्शना म्हणाली, "बाई, आपण काचेला कशाला जायचं? आपण हितंच बसू. ज्याला पायजे तो येईल."

तेवढ्यावर ठरलं. वर्गातलं बाक बाहेर आलं, फळाही आला. त्यावर रोशननेच रागारागात मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाणी आहे. बायकांसाठी शौचालय आत आहे. पैसे नकोत.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग एका गाडीचं दार उघडलं आणि एक वयस्कर बाई नातीचा हात धरून उतरल्या. मालतीबाई, ठाण्याच्या निवृत्त शिक्षिका. नातीचं नाव उर्वी. दर्शनाने त्यांना हाताला धरून आत नेलं, पायरी दाखवली, बाहेर थांबली. परत येताना मालतीबाईंनी पर्स उघडली.

"नको, आजी."

"अगं, खाऊला घे." दर्शनाने मान हलवली. "मग काय देऊ तुला?"

दर्शना गोंधळली. तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "बादली भरून ठेवाल? मागून येणाऱ्या बायांना लागंल."

मालतीबाईंनी पर्स नातीकडे दिली, पदर खोचला आणि त्या शौचालयाजवळच्या हातपंपाला लागल्या. दमल्या तशी उर्वी दांड्याला लटकली. बादली भरून जागेवर ठेवल्यावर त्या रस्त्याशी आल्या आणि आपल्या मागच्या गाडीच्या काचेवर टकटक करून म्हणाल्या, "जाऊन या हो. स्वच्छ आहे. फक्त येताना बादली भरा."

मग रीघ लागली. कुणी पाणी प्यायलं, कुणी बाटल्या भरून घेतल्या. बायका आत जात, बादली भरून बाहेर येत. एका तरुणीने झाडूही हातात घेतला. मगाशी नाणं टाकणारा माणूसही शेवटी उतरला. रोशनने त्याला ओळखलं. पेला भरून दिला आणि मातीतलं नाणंही त्याच्या हातात ठेवलं. तो ओशाळला, पाणी प्यायला आणि पेला विसळून पालथा घालून गेला. रोशन हे सगळ्यांना दोनदा सांगत होता.

दुपारनंतर गाड्या हलायला लागल्या. मुलं दमली होती, पेले कुणी घासायचे यावरून भांडत होती. हर्षद सर बाक उचलायला आले. "उद्याही गर्दी असणार," एवढंच म्हणाले, आणि फळा पुसायला निघालेल्या मुलाला त्यांनी थांबवलं.

शिल्पा घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. गोरखने भात टाकला होता. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं.

"आज जे झालं, त्याला काय नाव देशील?" तिने विचारलं.

"नावाचं मला काय म्हाईत," तो म्हणाला. "पण एकाच हातपंपावर भागायचं नाय गो. उद्या माझी सुट्टी हाय. कंपनीतल्या सखाचा टेम्पो मागतो, दोन टाक्या भरून आणतो. तुज्या पोरांना चालंल ना?"

"त्यांना विचारावं लागेल," शिल्पा म्हणाली, आणि त्याला अजून थोडा भात वाढला.