उंटाचं ड्रॉइंग

भिकाजी अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेटर होता, लोखंडी जिने आणि गेटं बनवणारा. चौथीत शाळेने त्याला सोडलं की त्याने शाळेला, यावर त्याच्या गावात अजून दोन मतं आहेत. पण ड्रॉइंगचा कागद समोर पसरला की इंग्रजीचं अक्षर न वाचता त्याला रेघांमधून अख्खा जिना उभा दिसायचा, कठड्यासकट. जे काढता येतं ते बनतंच, अशी त्याची श्रद्धा. एक मात्र त्याला जमत नसे: स्वतःचं तोंड बंद ठेवणं.

२००२ साली त्याचा खोलीसोबती हनीफ गप्प झाला. दोघेही दापोलीकडचे. हनीफची आई गेली. फोन आला तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. तेव्हापासून तो कामावर जाई, येई आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसे. नऊ दिवस शब्द नाही, चहापलीकडे पोटात काही नाही. भिकाजीने गावच्या सगळ्या गमती सांगून संपवल्या, काही तर तीनतीनदा. भिंतसुद्धा कंटाळली असावी.

गुरुवारी तो खलिफा सिटीत एका व्हिलाचं गेट बसवायला गेला. तिथल्या बाईंनी मुलांची जुनी पुस्तकं टाकायला काढली होती. त्यातलं एक त्याने खुणेने मागून घेतलं. बसमध्ये उघडलं आणि तो थक्क झाला. पहिल्याच पानावर उंट आणि उंदीर पोट धरून हसत होते. म्हणजे तयार माल. वर्कशॉपमध्येही आधी पूर्ण जिना दाखवतात, सुटे भाग मागून. दुसऱ्या पानावर उंदीर उंटाच्या पाठीला पाठ लावून नुसता बसलेला. तिसऱ्यावर डोक्यावर पातेलं घालून नाचणारा. चौथ्यावर खजूर आणणारा. शेवटच्या पानावर उंट एकटाच, मान खाली. तो तर हुबेहूब हनीफ, फक्त मिशी नव्हती. कुठल्या देवमाणसाने हे काढलं असेल, या विचारात भिकाजी एक स्टॉप पुढे गेला.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, काम सुरू झालं. पुस्तक खाटेवर उघडं ठेवून तो हनीफच्या पाठीला पाठ लावून बसला. ड्रॉइंगमध्ये उंदराचं तोंड मिटलेलं होतं, म्हणून यानेही मिटलं. पहिल्या तासाला त्याला घाम फुटला. दुसऱ्या तासाला हनीफची पाठ हलू लागली, हुंदक्यांनी. भिकाजी तसाच बसून राहिला. पाठ शांत झाल्यावर तो उठला आणि डोक्यावर पातेलं घालून नाचू लागला. कालची आमटी कानामागून ओघळली.

हनीफने वळून पाहिलं. मग पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं.

"भिक्या, हे अरबी आहे. उजवीकडून उघडतात."

भिकाजी पातेल्यासकट खाली बसला. हनीफ एकेक चित्र दाखवत गेला: उंट एकटा. खजूर आणला, उंटाने तोंड फिरवलं. नाच केला, तरी फिरवलं. पाठीला पाठ लावलेल्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"हा शेवटचा उपाय होता. तू इथूनच सुरुवात केलीस."

ड्रॉइंग उलटीकडून वाचूनही जिना उभा राहिला होता. भिकाजी पुस्तकाकडे देवळात बघावं तसा बघत राहिला.

"खजूर राहिलेत ना तुझे?" हनीफ म्हणाला. "नको ते. भात टाक. जुम्म्याच्या नमाजाला जायचंय मला, रिकाम्या पोटी उभं राहवणार नाही."

भात शिजेपर्यंत भिकाजीने खिशातला लोखंडावर खुणा करायचा खडू काढला आणि हसणाऱ्या उंटाखाली, इन्स्पेक्टर करतो तशी, बरोबरची खूण केली.