सलोत्रीमामांची हाक

सलोत्रीमामा रिकाम्या हातानं कुठल्याही जनावराला हाक मारत नसत. ग्वाल्हेर संस्थानाच्या मुरारमधल्या तबेल्यात ते घोड्यांचे डॉक्टर, म्हणून सलोत्री. गल्लीतल्या कुत्र्याला बोलवायचं तरी आधी खिशात पोळीचा तुकडा आहे ना, ते चाचपत. आम्ही भाचे खो खो हसायचो. "हसा लेको," ते म्हणत, "माणसानं एक तरी गोष्ट पक्की धरावी. माझी ही."

मला भारी कुतूहल. एवढ्याशा नियमावर अख्खं आयुष्य चालतं तरी कसं?

संस्थान विलीन झालं आणि तबेला मोडायचं ठरलं. मामांना नव्या फौजेत वरची जागा मिळणार होती. त्याआधी म्हातारे घोडे लिलावात उभे करून द्यायचे होते. घोडे यायचे ते त्यांच्याच आवाजावर. मामांनी ओंजळभर हरभरे घेऊन एकेकाला हाक मारली, खाऊ घातलं आणि लगाम टांगेवाल्यांच्या हाती दिले. नियम पाळला होता, त्यामुळे मन शांत होतं.

मग एकदा नया बाजारात ते माझ्याशी गप्पा मारत चालले होते. समोरून जाणारा टांगा एकदम वळला आणि त्याला जुंपलेल्या तबेल्यातल्याच म्हाताऱ्या घोड्यानं सवारीसकट येऊन मामांच्या कोटात तोंड खुपसलं. "अरे बाबूजी, क्या जादू कर दिया?" टांगेवाला ओरडला. मामा नुसते घोड्याची मान थोपटत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

नव्या जागेला त्यांनी नकार कळवला. मामी चिडल्या, "इतकी तरक्की कोणी सोडतं का?"

"तिथंही हेच करायला लावतील. आणि मी धरलं तेच चुकलं गं. हातात काय आहे, तेवढंच बघत राहिलो. हाकेला आला त्याला सोडायचं नाही, हे धरायला हवं होतं."

उरलेली वर्षं त्यांनी गोरखी वाड्याजवळ टांग्यांचे घोडे तपासत, ओढाताणीतच काढली.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली आणि नोकरीपायी मी भोपाळला गेलो. ज्या दिवशी बढतीची मुलाखत, त्याच सकाळी मामांचं काही खरं नाही, अशी मामींची तार आली. एरवी छत्री घेतानाही चार जणांना विचारणारा मी. त्या दिवशी कुणालाच विचारलं नाही. ग्वाल्हेरची गाडी पकडली.

मुलाखतीचं मामांना ठाऊक होतं. "झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही गेलो."

"मूरख आहेस," ते रागावून म्हणाले. पण माझा हात त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.