मेजर आला, युनिटचा इतिहास लिहायला

आमचे हे लष्कराच्या गुप्तवार्ता युनिटमध्ये होते. चौलमध्ये मात्र अजून सगळ्यांना वाटतं की ते मिलिटरीचं कॅन्टीन सांभाळायचे. त्यांनीच तसं सांगून ठेवलेलं. लोक स्वस्तात प्रेशर कुकर मिळेल का विचारायचे, आणि हे खरोखर आणून द्यायचे. खोटं बोलावं तर असं, निगुतीनं.

मी शाळेत शिकवायचे आणि वाडीतली सुपारी बघायचे. ह्यांना काही विचारलं की एकच उत्तर, "ऑफिसचं काम." बरं बाबा, ऑफिसचं काम. पण आमची मुलगी दोन वर्षांची असताना पौषात तापाने फणफणली. दिरांनी तिला अलिबागला नेलं, ह्यांना तार केली. हे आले नाहीत. मुलगी गेली, तरी आले नाहीत. आले ते शिमग्याला. "रजा मिळाली नाही," म्हणाले. मी ते धरून बसले. रजाच नाही तर माणूस करणार काय? त्या एका वाक्यावर मी पुढचा सगळा संसार केला.

गेल्या हिवाळ्यात युनिटमधून एक तरुण मेजर आला. रेवसला लाँचमधून उतरला, तो थेट आमच्या दारात. युनिटचा इतिहास लिहायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि जुनी माणसं थोडीच उरलीत. मराठी मुलगा, साताऱ्याकडचा. मी घावणे घातले, त्याने मागून मागून खाल्ले. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "काकू, थोडा वेळ आम्हाला दोघांनाच बसू द्याल?"

घ्या! माझ्याच घरातून मला बाहेर काढलं. मी वाडीत जाऊन सकाळी शिंपलेल्या झाडांना पुन्हा पाणी घातलं. आत हे बोलत होते, थांबायचं नाव नाही. एवढं बोलता येतं ह्या माणसाला? नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या मेजरचा हेवाही वाटला.

दोघं बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला होता. ते तोंड धुवायला मागे गेले. मेजर पायरीवर बसून बूट घालत म्हणाला, "काकू, बरंचसं छापता येणारच नाही. जागा नको, माणसांची नावं नकोत."

"मग उरलं काय? व्हॉलीबॉलची ढाल?"

तो हसला. "नाही, एक गोष्ट मी नक्की घालणार, ठिकाण गाळून. सरांची रजा मंजूर झालेली, घरी मूल आजारी, तिकीट खिशात, तरी सर थांबले. आमच्या पोरांना हे कळायला पाहिजे."

सगळी गुपितं त्याने नीट सांभाळली होती. ह्या घरात हेही गुपित आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार! मी "हो का" म्हटलं आणि त्याला दोन नारळ बांधून दिले.

तो गेल्यावर मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"रजा होती?"

"होती."

"मग?"

"सीमेपलीकडून एक माणूस यायचा होता. आमच्या कामात असंच असतं, तो एकच चेहरा ओळखतो. मी दिसलो नसतो तर तो पुढे आला नसता. आणि मागे फिरला असता तर त्याला मारलं असतं."

जिवाचा नुसता संताप झाला. इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोलले, आणि परक्या पोराला सगळं सांगितलं. हातातलं भांडं फेकावंसं वाटलं. फेकलं नाही. तोंडातून निघालं ते भलतंच.

"आला तो?"

"नाही. शिमग्यापर्यंत थांबलो. तिचं कळल्यावरही थांबलो. नाही आला."

"अहो," मी म्हटलं, आणि त्या कोण कुठल्या माणसासाठी मला रडू फुटलं, "निदान त्यानं तरी यायला हवं होतं."