साबणपाण्याची गांडुळं

गांडूळ ओढून काढणाऱ्याला उकऱ्या माणसात धरत नसे. माती उकरायची, गांडुळाचं अंग दिसलं की दोन बोटांत अलगद धरायचं आणि थांबायचं. ते बिळाला चिकटून असतं. आपल्याला घाई नाही हे त्याला कळलं की हळूच अंग सैल सोडतं आणि अख्खं बाहेर येतं. तुटलेलं गांडूळ गळावर नुसतं लोंबतं, आणि जिताडा मासा लोंबणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. त्याला वळवळ हवी.

उकऱ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खऱ्या नावाने हाक मारणारी आई होती, ती गेली. लग्न त्याने केलं नाही. नदीकाठच्या दोन खोल्यांत धाकट्या भावाच्या संसारात तो राहायचा. दाराशी ओल्या पाल्याने झाकलेलं त्याचं गांडुळांचं मडकं असायचं. वाटणी लहानपणापासूनची होती: थोरल्याने उकरायचं, धाकट्याने गळ टाकायचा. धाकटा काठी वापरत नसे. तंगुसाची दोरी तर्जनीवरून पाण्यात सोडायचा आणि डोळे मिटून बसायचा. खाली तळाशी जिताड्याने तोंड उघडलं की वर त्याच्या बोटाला कळायचं. झटका द्यायचा तो क्षण कधी चुकला नाही. मासे घेणारा खानावळवाला म्हणायचा, "याच्या बोटाला कान आहेत."

मग उकऱ्याची कंबर गेली. एका सकाळी तो फावडं मारायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. झाडाला धरून धरून सरळ झाला. घरी त्याने ब्र काढला नाही. भावाच्या घरात राहणारा माणूस दोन गोष्टींवर तगतो, काम करणं आणि गप्प बसणं. काम गेल्यावर नुसत्या गप्प बसण्याला कोण विचारतो? भावजय वाईट नव्हती, पण बसून खाल्लेला घास घशाखाली उतरत नाही.

वाट दाखवली धोबिणीने, तीही नकळत. तिच्या धुण्याच्या दगडामागे साबणाचं पाणी मुरायचं आणि तिथली गांडुळं आपसूक वर येऊन तडफडायची.

"घेऊन जा की ही," ती म्हणाली. "मेली पायांत येतात."

दुसऱ्या दिवशी उकऱ्याने बादलीत साबण कालवला, बांधाच्या मातीत ओतला आणि शेजारी फतकल मारून बसला. गांडुळं त्याच्या हाताशी चालून आली. त्याने ती चांगल्या पाण्यात खळबळून धुतली, पुन्हा धुतली, नाकाशी नेऊन हुंगली. माणसाच्या नाकाला काही कळलं नाही.

माशाला कळलं.

"येतो रे तो," धाकटा घरी येऊन म्हणाला. "तोंडात घेतो, बोटाला लागतंय मला. झटका देतो तर गळ रिकामा."

"पाणी गढूळ असेल."

"आरशासारखं आहे, दादा."

जिताडा गांडूळ तोंडात घेऊन थुंकतोय, हे उकऱ्याला तिथल्या तिथे उमगलं. उद्या खणून काढू, असं त्याने मनाशी म्हटलं. उद्या कंबर वाकेना. पुन्हा बादली आली. परवाही तेच.

काठावरचे टवाळ ओरडायला लागले, "जिताड्यांना फुकट जेवण घालतोस का रे?" धाकटा त्यांच्याशी हसला आणि घरी येऊन बोट गरम पाण्यात बुडवून बसला.

"बाबांचाही हात असाच गेला," तो म्हणाला. "शेवटी पेला धरायला दोन हात लागायचे त्यांना."

"काहीतरी बोलू नका," त्याची बायको म्हणाली. "मासेच माहेरी गेलेत."

त्यावर फक्त तीच हसली. बोलायची वेळ हीच होती, आणि ती उकऱ्याने जाऊ दिली.

एका संध्याकाळी धाकटा रिकाम्या हाताने आला. दोरी आणि गळ त्याने देऊन टाकले होते. उद्यापासून बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला जाणार होता.

उकऱ्याचा घास हातातच राहिला. "तुझा हात शाबूत आहे," तो म्हणाला. "दोष गांडुळांत होता. साबणाचं पाणी ओतून काढायचो मी. कंबर गेली माझी. सांगितलं नाही."

धाकट्याचा चेहरा मऊ झाला. "लहानपणीही तू हेच करायचास. मडकं मी फोडायचो, मार तू खायचास."

"हे तसलं नाही रे!"

"बरं, नाही. जेव."

सकाळी उकऱ्या फावडं घेऊन बांधावर गेला. दात आवळून उकरलं, धरलं, थांबला. गांडुळं अख्खी निघाली, पण त्याला उठता येईना. कारखान्याच्या वाटेवर धाकट्याला तो मातीत आडवा सापडला.

"एकदाच टाक गळ," उकऱ्या खालूनच म्हणाला. "दोरी मागून आण कुणाची तरी. एकदाच."

धाकटा डबा ठेवून खाली बसला. "आणि तो पण रिकामा आला तर? मग मी काय करू, सांग."

धाकट्याने त्याला पाठीवर घेतलं, घरी आणून निजवलं आणि कामावर गेला. बांधावरची गांडुळं आपली आपण मातीत शिरली असतील.

वर्ष सरेपर्यंत बर्फाने धाकट्याची बोटं खरोखरच बधिर केली. पेला तापलाय की नाही, हे तो आता ओठ लावून बघतो. एकदा त्याला तसं करताना बघून उकऱ्याने तोंड फिरवलं. धाकटा कामावर गेल्यावर भावजय पेले विसळताना म्हणाली, "दादा, मला ठाऊक होतं. मोरीतला साबण उगाच नव्हता संपत."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"त्यांनी तुम्हाला घरात ठेवलं असतं?"

"मग आता सांग त्याला."

"आता?" ती म्हणाली. तिने पेले पालथे घातले आणि हात पुसत आत गेली.