पार्किंगमधली लगोरी

आमची लेक चौथ्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली तेव्हा मी हरखून गेले होते. पहिलीत तिच्या बाईंनी "हिला जरा गप्प बसायला शिकवा" असा निरोप धाडला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. तिची गणितं सगळ्यांच्या आधी व्हायची आणि मग उरलेला तास तोंडावर बोट ठेवून बसायचं. पोरगी कंटाळून खोडरबराचे तुकडे करायची. कुणीतरी हुशार मुलांसाठीची अंधेरीतली एक खास शाळा सुचवली. चाचणी झाली, निवड झाली आणि बोरिवलीहून शाळेच्या बसने तिची ये-जा सुरू झाली.

खोटं कशाला बोलू, शाळा चांगली होती. तिथे ती पहिल्यांदा पोटभर बोलली. "मुंगी गच्चीवरून पडली तर मरत का नाही?" असं तिने विचारलं, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "मलाही नीट माहीत नाही, शोधू या." त्या दिवशी जेवताना ती इतकी बोलत होती की वरणभात गार झाला. शिक्षक जिथे "माहीत नाही" म्हणतात तिथे आपलं मूल सुखरूप आहे, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

वर्ष सरता सरता दुसरी बाजू दिसायला लागली. शाळेतल्या मैत्रिणी कुणी मुलुंडला, कुणी घाटकोपरला. बिल्डिंगमधल्या पोरांशी तिची ओळखच राहिली नाही. पाहुणे आले की "हीच का ती हुशार?" म्हणून गुणाकार विचारायचे आणि ती चावीच्या खेळण्यासारखी उत्तरं द्यायची. त्याहून वाईट म्हणजे जे पहिल्या फटक्यात जमणार नाही ते ती करेचना. सायकलवरून एकदा पडली, सायकल ठेवून दिली. कॅरममध्ये हरायला लागली की तिचं पोट दुखायचं. शाळेत विचारलं तर म्हणे, "या मुलांचं असं होतं." हे काय उत्तर झालं? ज्या पोराला हरता येत नाही ते पुढे जगणार कसं? जूनमध्ये तिला तिथेच ठेवायचं की जुन्या शाळेत परत आणायचं, यावरून आम्हा नवरा-बायकोत रोज वाजायला लागलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिला जवळजवळ ढकलतच खाली पाठवलं. पार्किंगमध्ये लगोरी रंगायची. कुणाच्या तरी नव्या बाथरूमच्या उरलेल्या लहानमोठ्या फरश्या रचायच्या, बॉलने पाडायच्या आणि पुन्हा रचताना अंगाला बॉल लागला की आऊट. मी खिडकीत उभी होते. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी कॅप्टन होती. ती ओरडली, "ए, ही कच्चा लिंबू आहे हां! हिला बॉल लागला तरी आऊट नाही."

लहानग्यांना आणि नवख्यांना असंच खेळायला घेतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण माझी मुलगी आणि कच्चा लिंबू! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चपला घालून मी निघालेच होते.

"अगं, बस," नवरा म्हणाला. "खेळायला घेतलं ना तिला?"

थोड्या वेळाने ती रडत वर आली. "आई, मला बॉल लागला तरी कुणी बघतच नाही. म्हणजे मी खेळतच नाहीये ना?"

तिचं बरोबरच होतं. संपलं, आता ही काही खाली जायची नाही, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दूध पिऊन ती कुणाला न सांगता खाली उतरली. मी खिडकीकडे धावले.

"मला कच्चा लिंबू नाही व्हायचं," ती कॅप्टनला सांगत होती. "मला पण आऊट करा."

"रडशील."

"नाही रडणार."

"बघ हां. रडलीस तर परत कच्चा लिंबू."

खेळ सुरू झाला. फरश्या पाडल्या गेल्या. आमची बाई सगळ्यात मोठी फरशी कुठली ते शोधून, नीट मापात, एकेक लावत बसली. "ए सायंटिस्ट, पळ ना!" असं पोरं ओरडेपर्यंत बॉल तिच्या पाठीत बसलासुद्धा. तिने वळून पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि कडेला जाऊन बसली. रडली नाही. जरा वेळाने तिथूनच "डावीकडे पळ, डावीकडे!" म्हणून ओरडायला लागली.

घामाने निथळत ती वर आली. "आई, मी आऊट झाले!" असं तिने मला बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं.

माझा जीव भांड्यात पडला. शाळेचा वादही त्या संध्याकाळी मिटला. शाळा तीच राहू दे, पण बसमधून उतरली की आधी पार्किंग, असं ठरलं. तिच्या फ्रॉकवर मागे बॉलचा मातकट गोल उमटला होता.

"हातपाय धू आधी," आवाज जमेल तेवढा कडक ठेवून मी म्हटलं.

बाथरूममधून ती ओरडली, "उद्या मी लवकर जाणार आहे. उद्या पण बहुतेक आऊटच होईन!"