विजयेंद्र सरांचा धीराचा तास

विजयेंद्र सरांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही, हे आधीच सांगून टाकते. बसवकल्याणच्या आमच्या क्लासमध्ये मी मेडिकलच्या नीट परीक्षेच्या मुलांना फिजिक्स शिकवते आणि सर शिकवायचे धीर. परीक्षेला घाबरू नये म्हणून दर शनिवारी एक तास. धीर हा काय शिकवायचा विषय आहे? गणितं येत असली की धीर आपोआप येतो, आणि येत नसली तर माणसानं घाबरलेलंच बरं.

सरांचा थाट मात्र बघण्यासारखा. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि आवाज देवळातल्या पुराणिकाचा. "डोळे मिटा. श्वास घ्या, चारपर्यंत मोजा. समजा, तुम्ही विहिरीच्या थंड पायरीवर बसलात." एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली चाळीस पोरं घामानं निथळतायत आणि हे विहिरीत उतरलेत. निम्मी पोरं झोपून जायची. झोपलेलं पोर घाबरत नाही, एवढं मात्र खरं.

आपलं मेडिकल दोन मार्कांनी हुकलं, असं सर सांगायचे. साफ खोटं. सत्त्याण्णव साली बीदरला सीईटीच्या हॉलमध्ये माझा थोरला भाऊ त्यांच्या मागच्याच बाकावर होता. सरांनी नंबर लिहिला, पोट धरून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे माहीत असताना त्यांचा तास ऐकणं मला असह्य व्हायचं.

मग यंदा फॉर्म निघाले तेव्हा ऑफिसात चहा पिताना मी म्हणाले, "सर, नीटला आता वयाची अट न्हाई. तुम्हीच बसा की एकदा. पोरांना कळू द्या धीर कसा असतो ते."

शंका विचारायला आलेल्या दोन-तीन मुली दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. क्लासचे मालक किशनराव यांना तर ते फारच आवडलं.

"व्हय, बसा सर. आत बसून तीन तास काढलात तर तुमचे तास दुप्पट करू. न्हाईतर मग हा तास कामून ठेवायचा? बंद करू."

सरांचा चेहरा उतरला. पण मुली बघत होत्या. त्यांनी फॉर्म भरला.

पुढचे महिने माझे मजेत गेले. सर तासाला चारपर्यंत मोजता मोजता नवावर जायचे आणि पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारायची. मी ती गंमत स्टाफमध्ये सगळ्यांना सांगायची.

मेमध्ये एका रविवारी परीक्षा. कलबुर्गीचं सेंटर आलेल्या मुलांना घेऊन आम्ही सकाळीच क्रूझरनं निघालो. सर त्याच गाडीत. परीक्षेच्या नियमाप्रमाणे अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चप्पल, हातात पारदर्शक बाटली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा दिसत होता. हुमनाबादपर्यंत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. दुसऱ्या वेळी मी मोठ्यानं हसले. ड्रायव्हरही हसला.

गेटवर मुडबीची प्रेरणा त्यांच्यासाठी थांबली. ही दोन वर्षं माझ्या पहिल्या बाकावरची मुलगी. एक गणित चुकायची नाही. "हिच्याकडं बघा, हिला भीती म्हणजे काय ते ठाऊक न्हाई," असं मी इतरांना नेहमी सुनवायची.

"सर, चला की," ती म्हणाली.

"तू हो पुढं. मी आलोच."

तिनं दोनदा वळून पाहिलं आणि आत गेली. दीड वाजता गेट बंद झालं. सर लिंबाखाली कट्ट्यावर बसले होते, हॉल तिकीट मांडीवर.

"जमलं न्हाई, मॅडम," ते म्हणाले.

मला दया आली नाही. मी जिंकले, एवढंच वाटलं.

पुढच्या शनिवारी त्यांचा शेवटचा तास. पोरं उत्तरं ताडून बघायला क्लासला आलीच होती. आता कोणती थाप मारतात ते ऐकायला मी मुद्दाम दाराशी उभी राहिले.

"मी आत गेलो न्हाई," सर म्हणाले. "भिलो. सत्त्याण्णवलाबी असाच पळालो होतो. दोन मार्कांची गोष्ट खोटी हाय."

मी पोरांच्या हसण्याची वाट पाहत होते. कुणी हसलं नाही. प्रेरणा उभी राहिली.

"सर, मलाबी पहिली वीस मिनटं अक्षरच दिसलं न्हाई. गेल्या वर्षीबी असंच झालतं, म्हणून तर मार्क गेले."

"मग यंदा काय केलीस?"

"डोकं बाकावर टेकवलं. मग सोपी सोपी आधी घेतली."

तिच्यामागं दुसरी उठली, मग औरादचा एक मुलगा. कुणाला ओकारी आली होती, कुणी बाथरूममध्ये जाऊन रडलं होतं. सर श्वासबिस काही मोजायला न लावता नुसते विचारत होते आणि पोरं सांगत होती. तास संपला तरी कुणी उठेना.

गेल्या वर्षी प्रेरणाचे मार्क गेले तेव्हा मी तिला चार लोकांत आळशी म्हटलं होतं. जिन्यापाशी मी तिला गाठलं.

"दोन वर्षं माझ्यासमोर बसलीस. हे मला कामून सांगितली न्हाईस?"

ती खाली बघत, अगदी अदबीनं म्हणाली, "तुमी हसता, मॅडम."