गजूचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. दादाला तर कसं सांगणार होते? त्यालाच तर मी मारलं होतं. थांबा, घाबरू नका! दादा ठणठणीत आहे, पुलगावात आमचं कापडाचं दुकान चालवतो. दर राखीला त्याचा हात हातात घेते आणि आतून चरकते, एवढंच.

बारावीला मी आणि वंदना वर्ध्यात एकाच खोलीवर राहत होतो. ती गिरडची, शेतकऱ्याची पोरगी. दोघींनाही एकाच मेडिकल कॉलेजचा इंटरव्ह्यू आला. मग काय, खोलीत रोज तालीम! मी साहेब होऊन खाटेवर बसायचे, ती पुढ्यात उभी. "डॉक्टर काऊन व्हायचं आहे?" ती म्हणायची, समाजसेवा. हॅट्, ते तर सगळेच म्हणतात!

तिच्याजवळ खरं उत्तर होतं. तिच्या लहान भावाला, गजूला, साप चावला होता. घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेलं. मग दवाखान्यासाठी जाम गावच्या चौकात गाडीची वाट पाहता पाहता तो तिच्या मांडीवरच गेला. "मी नाई सांगत वं, मले रडू येते," ती म्हणाली. मीच मागे लागले — सांगजो, यानंच तुझा नंबर लागते. ती रडली की मी थांबवायचे, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ती एकही थेंब न गाळता सांगायला लागली. आणि मला सगळं तोंडपाठ झालं.

तुम्ही म्हणाल, मैत्रिणीसाठी चांगलंच केलं की. ऐका पुढे.

माझा नंबर तिच्या आधी लागला. दादा बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेला. आत तोच प्रश्न. मी म्हटलं, समाजसेवा. सर मान वर न करताच म्हणाले, "खरं सांग, बेटा." अन् — काय झालं मला? तोंडातून निघालं, "सर, माझ्या भावाला साप चावला..."

माय वं! बोलणारी मीच, ऐकून हादरणारीही मीच. थांबता आलं नसतं का? आलं असतं. मी जामचा चौक सांगितला, मांडी सांगितली आणि रडले. खरेखुरे अश्रू, हो! सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, भावाचं नाव विचारलं. मी म्हटलं, मनोज. ते दादाचं नाव.

बाहेर आले तर वंदना आत जायला उठलेली. 'ते नको सांगू' — एवढंच म्हणायचं होतं. म्हटलंच नाही.

ती लवकरच परत आली. चेहरा पांढराफटक. "सर म्हणे, हे आताच एका पोरीनं सांगितलं. ती रडत होती, तू तर पाठ करून आली."

दादाला काय ठाऊक! त्यानं डबा तिच्यापुढे केला. "बस वं बाई, दोन घास खाऊन घे."

ती मात्र माझ्याकडेच पाहत होती. मला वाटलं, आता थोबाडीत देते. ती हळूच म्हणाली, "काय नाव सांगितलं तू त्याचं?"

मी दादाकडे पाहिलं. तिला कळलं.

"गजूचं नाव तरी घ्यायचं होतं वं."

यादी लागली. माझं नाव होतं, तिचं नव्हतं. मी जाऊन ॲडमिशन घेतली.